शस्त्रक्रिया करावी की न करावी?
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात, सक्करदरा येथील खुल्या अधिवेशनात दिलेले व्याख्यान)



संमेलनातील व्याख्यानांसाठी आपण आजवर जे विषय निवडले ते बहुधा शिक्षण, हुंडा, वसतिगृह, पतपेढी असे होते. यंदा कार्यकारी मंडळाने विषय निवडण्याची मोकळीक आम्हांस दिली, आणि आम्ही तो सांगताच चिटणीसांनी क्षणभर डोळे मिटून घेतले. "दुपारच्या महिला-सभेत ठेवू या का?" अशी एक सौम्य सूचनाही आली. ती आम्ही मान्य केली नाही. कारण ज्या दुखण्याविषयी बोलावयाचे ते सोसते स्त्री, हे खरे. परंतु त्याच्या शस्त्रक्रियेसाठी पैसा कोठून आणावयाचा, ती लग्नापूर्वी करावयाची की पश्चात्, आणि मुळात करावयाची की नाही, हे आपल्या घरांतून अद्यापि बैठकीच्या खोलीत ठरते, व त्या बैठकीत जिला दुखते ती बहुधा नसते. यास्तव पुरुष मंडळींनी हे व्याख्यान संपेपर्यंत चहाला जाऊ नये, एवढी विनंती.

आम्ही वैद्यकाचे पदवीधर नव्हे. आयुष्य शाळेत शिकविण्यात गेले. मात्र हजेरीपट दर महिन्यास हाती घेणाऱ्या शिक्षकाला काही गोष्टी न विचारता कळतात. वर्गातील त्याच दोन-तीन मुली दर महिन्यास दोन-दोन, तीन-तीन दिवस गैरहजर राहावयाच्या. चिठ्ठीवर 'पोटदुखी' एवढेच लिहिलेले असावयाचे. घरी ओव्याचा काढा, गरम पाण्याची पिशवी आणि "लग्न झाले, एक मूल झाले, की आपोआप थांबते" हा आजीबाईचा दिलासा. पुष्कळ मुलींची पाळीतील साधी दुखणी वयाबरोबर उणावतातही. परंतु ज्या मुलीला अंथरुणातून उठवत नाही, गोळी घेऊनही ओकारी होते, शौचाला बसतानाही कळ येते, तिचे दुखणे साधे नव्हे. आणि विवाह किंवा अपत्य हे त्यावरील औषधही नव्हे.

या विकारास डॉक्टर 'एंडोमेट्रिओसिस' म्हणतात. मराठीत त्याला सर्वमान्य नाव नाही. आणि ज्या दुखण्याला नाव नाही ते घरात बोलले जात नाही, हा आमचा अनुभव आहे. गर्भाशयाच्या आतील बाजूस जे अस्तर असते, जे दर महिन्यास वाढते व पाळीवाटे बाहेर पडते, त्याच्यासारखेच ऊतक या विकारात गर्भाशयाच्या बाहेर रुजते. बीजकोशावर, गर्भाशयाच्या मागील खळग्यात, आतड्यावर, मूत्राशयावर, क्वचित् छातीच्या पडद्यावरही. संप्रेरकांची भरती-ओहोटी त्यालाही लागू होते. परंतु बाहेर पडण्यास वाट नसल्यामुळे तेथे दाह होतो, व्रण भरताना अवयव एकमेकांस चिकटतात. बीजकोशात जुने रक्त साठून गाठ झाली की तिच्यातील द्रव चॉकलेटसारखा दिसतो, म्हणून तिला 'चॉकलेटची गाठ' म्हणतात. नाव गोड आहे, एवढाच काय तो गोडवा.

अमेरिकेतील जॉन सॅम्पसन या शल्यविशारदाने १९२७ साली असा सिद्धांत मांडला, की पाळीचे रक्त काही अंशी बीजवाहिन्यांतून उलट पोटात उतरते व तेथे या पेशी रुजतात. आज हे ठाऊक झाले आहे की असे उलट वाहणे बहुतेक स्त्रियांत घडते, मात्र विकार थोड्यांनाच जडतो. अर्थात् कारणमीमांसा अपुरी आहे. मुंबईत परळ येथील राष्ट्रीय प्रजनन व बाल-आरोग्य संशोधन संस्थेत भारतीय स्त्रियांतील या विकाराचा शास्त्रीय अभ्यास चालू आहे, ही समाधानाची गोष्ट होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे प्रजननक्षम वयातील स्त्रियांपैकी सुमारे शेकडा १० जणींना, म्हणजे जगभरात सुमारे १९ कोटी स्त्रियांना व मुलींना हा विकार आहे. या सभागृहातील भगिनींची संख्या लक्षात घ्या आणि हिशेब तुम्हीच करा.

आता मूळ प्रश्नाकडे वळू.

शस्त्रक्रिया हा शब्द आपल्या समाजात दोन टोकांनी घेतला जातो. एक पक्ष म्हणतो, "पोट उघडले की बाई खचते." दुसरा म्हणतो, "एकदाचे काढून टाका, कटकट मिटेल." दोन्ही पक्षांना उत्तर एकच आहे: कशासाठी? पोटदुखीसाठी करावयाची शस्त्रक्रिया, अपत्यप्राप्तीसाठी करावयाची शस्त्रक्रिया आणि संशयास्पद गाठीसाठी करावयाची शस्त्रक्रिया या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. त्यांचे लाभ निराळे, तोटेही निराळे. 'करावी का' असा सरसकट प्रश्न विचारणाऱ्याला कोणताही प्रामाणिक डॉक्टर सरळ उत्तर देऊ शकणार नाही, आणि जो पहिल्याच भेटीत देतो त्याजकडून उठून दुसऱ्याकडे जावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आमच्याच घरातले उदाहरण सांगतो. सांगण्यास भाचीने संमती दिली आहे. नाव मात्र सांगणार नाही. ती आमच्याकडेच राहून शिकली व नोकरीस लागली. पंधराव्या वर्षापासून दुखत होते. निदान झाले सत्ताविसाव्या वर्षी. एवढा विलंब विलक्षण नव्हे. लक्षणे सुरू झाल्यापासून निदानापर्यंत कित्येक वर्षे लोटतात, हे जगभरचे दुःख आहे. सोनोग्राफीत डाव्या बीजकोशावर साडेचार सेंटिमीटरची गाठ दिसली. पहिल्या डॉक्टरांनी, "याच आठवड्यात भरती व्हा," असे सांगितले. त्याच सुमारास तिच्या विवाहाची बोलणी चालू होती. घरात बैठक बसली. आजीचे म्हणणे, "लग्नाआधी उरकून टाका, सासरी कळायला नको." एका नातलगाचे म्हणणे, "बीजकोशाला हात लावला तर मूल कसे होणार?" दोन तास हे चालले. शेवटी मुलगी स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "आजी, दुखतं मला. तारीख मीच ठरवीन, आणि त्याआधी आणखी एका डॉक्टरांना दाखवीन." बैठक तेथेच आटोपली.

दुसऱ्या डॉक्टर बाईंनी तिला प्रथम तीन गोष्टी विचारल्या: दुखणे औषधाने थांबते का, मूल हवे असल्यास केव्हा हवे, आणि यापूर्वी बीजकोशावर काही शस्त्रक्रिया झाली आहे का. या प्रश्नांमागे जे शास्त्र आहे ते आम्ही पुढे वाचून, विचारून समजून घेतले. ते थोडक्यात मांडतो.

प्रथम वेदनेविषयी. २००४ साली इंग्लंडमधील शल्यविशारदांनी ३९ स्त्रियांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सर्वांच्या पोटात दुर्बीण घातली गेली. परंतु अर्ध्याजणींचाच विकार त्या वेळी कापून काढला, उरलेल्यांचा केवळ पाहिला. कोणाचे काय केले हे रुग्णांस सांगितले नव्हते. सहा महिन्यांनी, ज्यांचा विकार काढला होता त्यांच्यापैकी शेकडा ८० जणींना बरे वाटत होते. ज्यांचा काढला नव्हता त्यांच्यापैकीही शेकडा ३२ जणींना! यातून दोन गोष्टी निघतात. शस्त्रक्रियेने वेदना कमी होतात, असे या प्रयोगात दिसले. आणि केवळ "काहीतरी केले" या भावनेनेही तिसरा हिस्सा स्त्रियांना काही काळ उतार पडतो. म्हणून शेजारणीला बरे वाटले, एवढ्याच आधारावर निर्णय घेऊ नये.

दुसरे असे, की हा विकार परत येतो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांत सुमारे शेकडा २१ व पाच वर्षांत शेकडा ४० ते ५० स्त्रियांत तो पुन्हा उद्भवतो, असा अंदाज दिला आहे. अर्थात् शस्त्रक्रिया म्हणजे खटल्याचा अंतिम निकाल नव्हे. फार तर स्थगिती. ही स्थगिती लांबविण्यासाठी, मूल लगेच नको असेल तर, शस्त्रक्रियेनंतर संप्रेरकांच्या गोळ्या किंवा गर्भाशयात बसवावयाचे संप्रेरकयुक्त साधन दीड-दोन वर्षे तरी वापरावे, असे युरोपातील मानवी प्रजनन व भ्रूणशास्त्र संस्थेने २०२२ साली सांगितले आहे. ऑपरेशन झाले, आता गोळ्या बंद, असे म्हणणाऱ्या घरांनी हे लक्षात घ्यावे.

याच संस्थेने आणखी एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. पूर्वी निदान पक्के करण्यासाठी पोटात दुर्बीण घालणे आवश्यक मानीत. आता तसे नाही. लक्षणे, तपासणी, सोनोग्राफी, प्रसंगी एम.आर.आय. यांवरून विकाराचा अंदाज घेऊन औषध सुरू करता येते. चित्रणात काही दिसत नसेल, किंवा औषध लागू पडत नसेल, तेव्हा दुर्बीण. केवळ "आत काय आहे ते पाहू या" म्हणून मुलीला भूल देण्याचे दिवस मागे पडत आहेत. उलट बाजूही सांगितली पाहिजे: सोनोग्राफी स्वच्छ आली म्हणजे विकार नाही, असे नव्हे. पापुद्र्यावरील बारीक डाग तीत दिसत नाहीत. "रिपोर्ट नॉर्मल आहे, मुलगी नाटक करते," हे वाक्य आम्ही आपल्याच समाजातील सुशिक्षित घरांत ऐकले आहे.

आता अपत्याचा प्रश्न. आणि येथे थोडे थांबावे लागेल, कारण आपल्याकडे बहुतेक शस्त्रक्रिया याच नावाखाली ठरतात. विकार सौम्य असेल तेव्हा काय होते? कॅनडात १९९७ साली ३४१ वंध्यत्वग्रस्त स्त्रियांवरील प्रयोग प्रसिद्ध झाला. ज्यांचे डाग दुर्बिणीतून काढले वा जाळले त्यांच्यापैकी शेकडा ३०.७ जणींना, आणि ज्यांचे तसेच ठेवले त्यांच्यापैकी शेकडा १७.७ जणींना, छत्तीस आठवड्यांच्या अवधीत दिवस राहून ते विसाव्या आठवड्यापलीकडे टिकले. इटलीतील १९९९ च्या लहान प्रयोगात मात्र असा लाभ दिसला नाही. तात्पर्य, लाभ आहे, पण माफक.

बीजकोशातील गाठीचे गणित याहून अवघड. नुसता द्रव ओढून घेतला तर गाठ लवकर भरून येते. गाठीचे वेष्टन सोलून काढले तर परतण्याचा संभव कमी होतो. पण सोलताना वेष्टनासोबत निरोगी बीजकोशाचा थर व त्यातील बीजे काही प्रमाणात जातात. स्त्री जन्मतः जेवढी बीजे घेऊन येते त्यांत पुढे भर पडत नाही. दोन्ही बाजूंना गाठी असतील, किंवा तीच गाठ दुसऱ्यांदा काढावयाची असेल, तर हानी वाढते. इटलीतील २००६ सालच्या एका पाहणीत दोन्ही बाजूंच्या गाठी काढलेल्या १२६ स्त्रियांपैकी तिघींचे बीजकोश शस्त्रक्रियेनंतर निकामी झाले. प्रमाण अल्प आहे. परंतु ज्या तिघी होत्या त्यांच्यापुरते ते शंभर टक्के होते. म्हणूनच शस्त्रक्रियेपूर्वी ए.एम.एच. ही रक्ततपासणी करून बीजांच्या शिलकीचा अंदाज घ्यावा, असे सांगतात. आणि ज्यांना पुढे टेस्ट-ट्यूब पद्धतीने गर्भधारणा करावयाची आहे त्यांची गाठ केवळ त्यासाठी सर्रास काढू नये, कारण त्याने मूल होण्याचे प्रमाण वाढल्याचे दिसलेले नाही, हेही २०२२ च्या त्याच मार्गदर्शनात आहे. "गाठ आहे तोवर मूल होणार नाही" असे छातीठोकपणे सांगणाऱ्यास हे विचारावे.

औषधांबद्दल आपल्या घरांत अकारण धास्ती आहे. वेदनाशामक गोळी, प्रोजेस्टोजेनची रोजची गोळी, गर्भनिरोधक गोळी, ही विकार मुळातून काढीत नाहीत. त्याला झोपवून ठेवतात. संप्रेरकांच्या गोळ्या घेत असता सहसा गर्भ राहत नाही, म्हणून अपत्येच्छू स्त्रीला त्यांचा उपयोग नाही. कोणाला अवेळी रक्तस्राव होतो, कोणाचे मन उदास होते. पाळी पूर्ण बंद ठेवणारी इंजेक्शने दीर्घकाळ घेतल्यास हाडे विरळ होतात. हे सर्व खरे. तरीही अविवाहित मुलीला "गर्भनिरोधक गोळी" लोक काय म्हणतील म्हणून द्यावयाची नाही, आणि त्याऐवजी तिला शस्त्रक्रियेच्या टेबलावर पाठवावयाचे, हा तर्क आम्हांस अद्याप समजलेला नाही.

काही प्रसंगी मात्र विचारविनिमयात काळ घालवू नये. गाठ फुटली वा पिळली गेली आणि अकस्मात असह्य वेदना उठल्या. मूत्रवाहिनी आवळली जाऊन मूत्रपिंडाला सूज आली, जी कित्येकदा दुखल्याशिवायच येते. आतड्याचा मार्ग बंद होऊ लागला. किंवा गाठीच्या चित्रणात कर्करोगाची शंका उत्पन्न झाली. तेथे शस्त्रक्रिया हाच मार्ग. चॉकलेटच्या गाठीचा कर्करोग होणे विरळा आहे. त्याचे भय दाखवून घाईने सही घेणे गैर, आणि खरी शंका असता चालढकल करणेही तितकेच गैर.

आमच्या भाचीने काय केले? तिला तूर्त मूल नको होते, गाठ संशयास्पद नव्हती, मूत्रपिंडे ठीक होती. तिने रोजची गोळी पत्करली, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करण्याचे ठरविले आणि शस्त्रक्रियेचा पर्याय राखून ठेवला. तिसऱ्या महिन्यापासून तिला कचेरीत रजा टाकावी लागली नाही. याउलट आमच्या शाळेतील एक सहकारी शिक्षिका; विकार आतड्यापर्यंत गेलेला, दोन वर्षे औषधे घेऊन थकलेली. तिने शस्त्रक्रिया निवडली, ती स्त्रीरोगतज्ज्ञ व आतड्याचे शल्यविशारद दोघे एकत्र असलेल्या ठिकाणी करून घेतली, दीड महिना घरी राहिली, आणि "आता खुर्चीवर सरळ बसता येते," असे म्हणाली. दोघींचे निर्णय परस्परविरुद्ध आहेत आणि आमच्या मते दोन्ही योग्य आहेत.

विवाहाविषयी बोलल्यावाचून पुढे जाता येत नाही. आपले मंडळ परिचय मेळावा भरविते आणि या स्मरणिकेतही वधू-वरांच्या याद्या छापते. भाचीने मुलाकडच्यांना स्वतः सांगितले. एका घराने पत्रिका जुळत नसल्याचे कळविले. पत्रिका त्यापूर्वी दोनदा जुळली होती. दुसऱ्या ठिकाणचा मुलगा तिच्याबरोबर डॉक्टरांकडे आला आणि आम्हांलाही न सुचलेले प्रश्न त्याने विचारले. हा विकार असलेल्या पुष्कळ स्त्रियांना नैसर्गिकरीत्या मुले होतात. काहींना साहाय्य लागते. लपविण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया ही उपचार नसून रंगसफेदी होय. शमिता शेट्टी या अभिनेत्रीने मे २०२४ मध्ये या विकाराच्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात असतानाच चित्रफीत प्रसृत करून स्त्रियांना जागे केले. सुमोना चक्रवर्ती हिने २०२१ साली आपला विकार चौथ्या पायरीचा असल्याचे उघड सांगितले. नटनट्यांचे अनुकरण आपण कपड्यांत करतो. येथे करण्यास हरकत नसावी. जाता जाता एवढेच, की ही पायरी विकाराच्या पसाऱ्याची असते, वेदनेची नव्हे. पहिल्या पायरीची स्त्री तळमळते आणि चौथ्या पायरीच्या स्त्रीला क्वचित् कळतही नाही.

आता त्या "एकदाचे काढून टाका" विषयी. गर्भाशय काढल्याने हा विकार हमखास जातो असे नाही. बाहेर रुजलेले ऊतक मागे राहिले तर दुखणेही राहते. बीजकोशही काढले तर ऐन तारुण्यात पाळी कायमची जाते आणि हाडे, हृदय यांवर परिणाम होतो. आपल्याच राज्यात बीड जिल्ह्यात काय घडले ते विसरू नका. २०१९ साली ऊसतोड कामगार स्त्रियांची सरकारी पाहणी झाली. ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांतील कित्येकींना पाळीची वा अंगावरून जाण्याची तक्रार होती. पण तक्रारीमागे खाडा झाल्यास होणारा दंड होता, पाण्यावाचूनचा फड होता, आणि कर्करोगाची भीती घालणारे लोक होते. अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रियांना आळा घालण्यासाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी अंगीकारावी, असे सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी सांगितले. ज्या स्त्रीचे कुटुंब पूर्ण झाले आहे, इतर उपाय थकले आहेत, आणि जिने समजून उमजून मागणी केली आहे, तिच्यासाठी ही शस्त्रक्रिया योग्य ठरू शकते. परंतु 'समजून उमजून' हे शब्द संमतिपत्रावर छापलेले असतात म्हणून खरे होत नाहीत.

आपण सक्करदऱ्याचे रहिवासी या बाबतीत दैववान आहोत. मेडिकल आपल्याला जवळ. मेयो, डागा स्मृती रुग्णालय व मिहानमधील एम्स ही शहरातच. शासकीय आयुर्वेद रुग्णालय तर दाराशीच आहे. तेथील उपचार कोणाला घ्यावयाचे असतील तर घ्यावेत, मात्र गाठ मोजून घेतल्यावर घ्यावेत आणि पुन्हा मोजावी. बुधवारी बाजाराच्या वाटेवर गाठ विरघळविण्याची हमी देणारी एक पाटी आम्ही रोज पाहतो. हमी देणाऱ्याने आजवर मोजमाप दाखविलेले नाही. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतील आरोग्यमित्राला रुग्णालयातच भेटून, आपली शस्त्रक्रिया योजनेत बसते का हे भरती होण्यापूर्वी विचारून घ्यावे. नंतर विचारल्यास उपयोग होत नाही.

शल्यविशारदास विचारण्यात संकोच धरू नये: अशा किती शस्त्रक्रिया आपण करता? डाग जाळणार की कापून काढणार? आतडे वा मूत्रवाहिनी गुंतलेली आढळली तर सोबत कोण असेल? बीजकोश वाचविण्यासाठी काय करणार? उघडल्यावर अनपेक्षित काही दिसले तर कोणत्या मर्यादेपर्यंत जाण्यास माझी संमती आहे, हे कागदावर कसे लिहिणार? शेवटचा प्रश्न मुलीने स्वतः, भूल देण्यापूर्वी, शुद्धीवर असताना विचारावा. आणि शस्त्रक्रिया झाल्यावर तिचे टिपण, छायाचित्रे व काढलेल्या भागाचा तपासणी अहवाल मागून घेऊन एका पिशवीत नीट ठेवावा. पाच वर्षांनी दुसऱ्या गावी, दुसऱ्या डॉक्टरपुढे, ती पिशवीच बोलते.

चिटणीसांनी प्रश्नांसाठी अर्धा तास राखून ठेवला आहे. ज्या भगिनींना सर्वांसमक्ष विचारावयाचे नसेल त्यांनी चिठ्ठीवर नाव न लिहिता प्रश्न लिहून दारापाशी ठेवलेल्या डब्यात टाकावा. उत्तरे देण्यासाठी एक स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टर बाई आज मुद्दाम येथे उपस्थित आहेत.